दार कुठलंही असो, रेषा एकच

तळहातावर मावणारी मर्सिडीज ३०० एसएल. लांबी जेमतेम १९ सेंटीमीटर. दाराच्या खालच्या कडेला नख लावून किंचित उचललं की दार छताच्या तुकड्यासकट वर जातं, दुसऱ्या बाजूचंही तसंच, आणि गाडी पंख पसरून उभी राहते. शेजारी लॅम्बोर्गिनी काउंटाच. तिचं दार बाजूला येतच नाही, पुढच्या टोकाभोवती फिरून आभाळाकडे जातं. मॅक्लॅरेन एफ१चं दार एकाच वेळी बाहेर, वर आणि पुढे झेपावतं. बीएमडब्ल्यू इसेटाला तर बाजूला दारच नाही, तिचं अख्खं तोंड उघडतं. आणि सिट्रोएनच्या जुन्या एच व्हॅनचं बाजूचं दार सरकतं, मागच्या दाराचा वरचा भाग वर उचलला जातो आणि खालची दोन पाखं डावी-उजवीकडे उघडतात.

गाड्यांची मॉडेलं बनवणाऱ्यांमध्ये अशी दारं चालती करणं हा एक वेगळाच नाद आहे. प्लॅस्टिकच्या किटमध्ये गाडीची बॉडी बहुधा अखंड येते आणि दाराच्या जागी नुसती कोरलेली रेघ असते. त्या रेघेवरून दार कापायचं, बिजागरी बसवायची आणि ते मूळ गाडीच्या दारासारखंच उघडेल असं करायचं. ऐकायला सोपं वाटतं. पण कापायला बसलं की भूमिती, पदार्थविज्ञान आणि मोटार-उद्योगाचा इतिहास हे तिन्ही त्या चार सेंटीमीटरच्या दारात येऊन बसतात.

सगळ्यात मोठं नवल हे, की या सगळ्या चित्रविचित्र दारांमागे प्रश्न एकच असतो: दार कोणत्या रेषेभोवती फिरतं? बिजागरीचं कुठलंही दार घ्या, ते अवकाशातल्या एका सरळ रेषेभोवती फिरत असतं. ही रेषा उभी आणि दाराच्या पुढच्या कडेला असली, तर ते आपलं नेहमीचं दार. तीच उभी रेषा मागच्या कडेला नेली, की जुन्या रोल्स-रॉइससारखं उलटं उघडणारं दार. रेषा आडवी करून छतावर गाडीच्या लांबीच्या दिशेने ठेवली, की पंखांची मर्सिडीज. आडवीच, पण गाडीच्या रुंदीच्या दिशेने पुढच्या चाकामागे ठेवली, की काउंटाच. तिरकी केली, की मॅक्लॅरेन. दार तेच, पत्रा तोच. फक्त एक रेषा हलली आणि गाडीचा स्वभाव बदलला.

पत्रा कागदाहून पातळ

मॉडेलचं पहिलं भांडण असतं जाडीशी. खऱ्या गाडीचा पत्रा साधारण ०.८ मिलिमीटर जाड असतो. १:२४ प्रमाणात तो ०.०३ मिलिमीटर व्हायला हवा, म्हणजे वहीच्या कागदाच्या एक-तृतीयांश. इतकं पातळ प्लॅस्टिक साच्यात ओतता येत नाही आणि ओतलं तरी टिकणार नाही. किटची बॉडी सव्वा मिलिमीटरच्या आसपास जाड असते. उलट हिशेब केला, तर ही ३० मिलिमीटर जाड पोलादाची गाडी झाली. रणगाड्याला शोभेल असं चिलखत घातलेली स्पोर्ट्स कार!

दुसरं भांडण फटीशी. खऱ्या दाराभोवती चार मिलिमीटरची फट असते असं धरलं, तर १:२४ मध्ये ती ०.१७ मिलिमीटर हवी. अगदी बारीक करवतही पाव मिलिमीटर खाते. म्हणून मुरलेले लोक सरळ करवतीने कापत नाहीत. सुरीचं पातं उलटं धरून, पाठीच्या कडेने कोरलेल्या रेघेवरून हलक्या हाताने पुन्हापुन्हा ओढतात. प्रत्येक ओढीला केसासारखा छिलका निघतो आणि शेवटी दार सुटतं. काही जण तर एकाच गाडीचे दोन किट घेतात. एका बॉडीतून दार जपून काढायचं, भोवतालचा भाग बिघडला तरी चालेल. दुसऱ्या बॉडीत दाराची जागा जपून कापायची, दार वाया गेलं तरी हरकत नाही. अशा रीतीने सुरीने खाल्लेली जागा भरून निघते. एवढं करूनही रंगाची आठवण ठेवावी लागते. प्रायमर, रंग आणि लॅकर यांचे थर दोन्ही कडांवर चढले की जेमतेम राखलेली फट बुजून जाते आणि रंगवण्याआधी झोकात उघडणारं दार रंगवल्यावर चिकटून बसतं.

१:२४ शिवाय संग्राहकांचं दुसरं लाडकं प्रमाण म्हणजे १:४३. हा विचित्र आकडा आला आगगाडीतून. ब्रिटनमधल्या खेळण्यातल्या ओ गेज रेल्वेत खरा एक फूट सात मिलिमीटरचा होत असे, म्हणजे साधारण १:४३.५. लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीने हॉर्नबी रेल्वेच्या जोडीला १९३०च्या दशकात छोट्या धातूच्या गाड्या काढल्या. त्या पुढे डिंकी टॉइज म्हणून गाजल्या आणि त्यांच्याबरोबर हे प्रमाणही रुळलं. १९५६ मध्ये मेटॉय कंपनीने कॉर्गी टॉइज बाजारात आणल्या, त्या खिडक्यांना काचा असलेल्या गाड्या म्हणून मिरवत. मग दोघींमध्ये चढाओढ लागली: आज बॉनेट उघडतं, उद्या डिकी, परवा दारं. १९६५ मध्ये कॉर्गीने जेम्स बाँडची अ‍ॅस्टन मार्टिन डीबी५ आणली. तिच्या छताचं झाकण उघडून आतला माणूस बाहेर फेकला जाई. तेही एक दारच म्हणायचं, फक्त नको असलेल्या प्रवाशासाठी.

सुईची बिजागरी

जाड प्लॅस्टिकचं दार नुसतं कडेवर बिजागरी लावून उघडत नाही. बाहेरची कड मोकळी फिरते, पण जाडीमुळे आतली कड शेजारच्या भिंतीत घुसायला बघते. त्यावर दोन उपाय. पहिला, दाराची आणि चौकटीची आतली कड तासून तिरपी करायची, म्हणजे बाहेरून पाहणाऱ्याला दिसते ती कड कागदासारखी पातळ भासते. दुसरा, फिरण्याची रेषा दाराच्या कडेवर ठेवायचीच नाही. ती मडगार्डच्या आत, पुढे सरकवायची आणि तिथून वाकडा हात काढून दाराला जोडायचा. आता दार फिरताना त्याची पुढची कड आधी थोडी बाहेर पडते आणि मग पुढे वळते, त्यामुळे मडगार्डला खरवडत नाही. जुन्या धातूच्या मॉडेलांत दार उघडल्यावर दिसणारे ते जाडजूड वाकडे हात याचसाठी असत. दिसायला बेढब, पण हिशेबाला पक्के.

बिजागरी कशाची करायची, यावर सापडलेलं एक उत्तर औषधाच्या दुकानात मिळतं. इंजेक्शनच्या सुया ठरावीक मापात येतात. २१ गेजच्या सुईचा आतला व्यास ०.५१ मिलिमीटर असतो आणि २६ गेजच्या सुईचा बाहेरचा व्यास ०.४६ मिलिमीटर. म्हणजे बारीक सुई जाड सुईच्या पोटात सरकते आणि एकूण मोकळीक उरते फक्त ०.०५ मिलिमीटर. दोन्हींचे बोटभर तुकडे, त्यांना चिकटवलेले पितळी पट्टीचे हात, झाली बिजागरी. ती न गंजणारी आणि घड्याळाच्या कारखान्यात शोभेल इतकी नेमकी असते. सुया कोऱ्याच घ्यायच्या आणि टोक आधी घासून बोथट करायचं, एवढं पथ्य.

उंच उंबरठ्याची मर्सिडीज

पंखांसारखी दारं कुणाला तरी छान दिसली म्हणून आली, असं वाटतं. तसं नव्हतं. १९५२ मध्ये मर्सिडीजने शर्यतीसाठी जी ३०० एसएल बांधली, तिचा सांगाडा रुडॉल्फ उलेनहाउट यांच्या कल्पनेतला होता. बारीक नळ्यांच्या त्रिकोणांची ती जाळी होती, वजन साधारण ५० किलो. जाळी ताठ राहायची तर ती बाजूंनी उंच हवी, आणि बाजू उंच झाल्यावर नेहमीच्या दाराला जागाच उरली नाही. मग माणूस आत जाणार कसा? वरून. पहिल्या गाड्यांत तर दार म्हणजे खिडकी आणि छताचा तुकडा, एवढंच होतं. मिले मिल्या शर्यतीच्या तपासनिसांनी भुवया उंचावल्या, पण दार कोणत्या दिशेने उघडावं हे नियमात लिहिलेलंच नव्हतं. पुढे दार खाली वाढवलं गेलं आणि त्याच वर्षी या गाडीने ल माँची २४ तासांची शर्यत जिंकली. फेब्रुवारी १९५४ मध्ये न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात रस्त्यावरची ३०० एसएल आली. त्या बंद छताच्या १४०० गाड्या बनल्या. उंच उंबरठा ओलांडून बसताना पाय अडकू नयेत म्हणून स्टीअरिंगचं चाक खाली दुमडण्याची सोय तिच्यात होती.

मॉडेल करणाऱ्याला हा सगळा इतिहास कापताना हाताला लागतो. दोन्ही दारं काढली की छताच्या मध्ये उरते फक्त एक अरुंद पट्टी, आणि बॉडी लुळी पडते. म्हणून कापण्याआधीच छताच्या आतून पितळी पट्टी अराल्डाइटने चिकटवून घेतात. बिजागरीचे हात या पट्टीखाली दडवायचे, छताची आतली कड तासायची आणि दार अर्ध्यात अडत नाही ना, हे प्रत्येक अंशाला पाहायचं. इंजिनिअरांना सांगाडा वाचवण्यासाठी दार छतात न्यावं लागलं आणि मॉडेल करणाऱ्याला छत वाचवण्यासाठी नवा सांगाडा घालावा लागतो.

दहावीची भूमिती

काउंटाचची गोष्ट वेगळी. मार्चेलो गांदिनी यांनी बर्तोने कंपनीत असताना १९६८ मध्ये आल्फा रोमिओ काराबो ही प्रायोगिक गाडी घडवली, तिच्यावर वर फिरणारी कात्रीसारखी दारं पहिल्यांदा दिसली. १९७१ मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात काउंटाच आली आणि १९७४ पासून ती विकली जाऊ लागली. ही गाडी इतकी रुंद आणि मागचं इतकं कमी दाखवणारी, की रिव्हर्स घेताना चालक दार वर करून उंबरठ्यावर टेकायचा आणि बाहेर वाकून मागे बघायचा.

हे दार जवळजवळ आपल्याच पातळीत फिरतं, त्यामुळे त्याची रेषा कागदावर शोधता येते. गाडीचे अगदी बाजूने काढलेले दोन फोटो घ्यायचे, एक दार बंद असताना, एक पूर्ण उघडलेलं असताना. दोन्ही एकाच मापात एकावर एक ठेवायचे. दाराची मागची खालची टोकाची जागा दोन्हीत खूण करून जोडायची आणि त्या रेषेचा लंबदुभाजक काढायचा. हँडलच्या जागेसाठी पुन्हा तेच. दोन लंबदुभाजक जिथे छेदतात, तिथे बिजागरी. वर्तुळाचा केंद्रबिंदू शोधण्याची शाळेतली हीच रीत. परीक्षेनंतर विसरलेली ही रचना लॅम्बोर्गिनीची बिजागरी बिनचूक दाखवते.

मॅक्लॅरेन एफ१पुढे मात्र कागद अपुरा पडतो. १९९२ मध्ये मोनॅकोत दाखवलेल्या या गाडीचे रचनाकार गॉर्डन मरी. दारांची कल्पना टोयोटाच्या सेरा या छोट्या गाडीवरून सुचली, असं त्यांनीच सांगितलेलं आहे. या दाराला दोन टेकू असतात, एक खाली पुढच्या कोपऱ्यात आणि दुसरा वर, पुढच्या काचेच्या खांबात. दोन बिंदूंतून एकच रेषा जाते आणि इथे ती तिरकी जाते. म्हणूनच दार एकाच हालचालीत बाहेरही येतं आणि वरही जातं. मॉडेलमध्ये पितळी तारेचे दोन तुकडे या दोन जागी बसवायचे. अट एवढीच, की दोन्ही तारा एकाच रेषेत हव्यात. अर्ध्या मिलिमीटरचा फरक पडला, तर दार पिळवटून मध्येच अडतं.

या सगळ्याला गणितात एक सुंदर आधार आहे. इटलीचे जूलियो मोत्सी यांनी १७६३ मध्ये आणि फ्रान्सचे मिशेल शाल यांनी १८३० मध्ये मांडलेलं प्रमेय सांगतं, की घन वस्तू एका जागेवरून दुसऱ्या जागी कशीही गेलेली असो, तो बदल एका रेषेभोवती फिरणं आणि त्याच रेषेवरून सरकणं एवढ्यानेच साधता येतो. स्वीडनच्या कोनिगसेगचं दार बाहेर सरकत सरकत उभं होतं, ते पाहताना डोळे चक्रावतात. पण त्याची बंद स्थिती आणि उघडी स्थिती यांच्यामध्येही अशीच एक रेषा हमखास असते.

व्हॅनचे तीन रूळ

नुसतं सरकणाऱ्या दाराला फिरण्याची रेषा नसते. बीएमडब्ल्यू झेड१चं दार इलेक्ट्रिक मोटर आणि दातेरी पट्ट्याच्या जोरावर खाली उंबरठ्यात बुडतं. १९८९ ते १९९१ या काळात अशा ८००० गाड्या बनल्या. अमेरिकेची कायझर डॅरिन दार पुढच्या मडगार्डच्या पोटात सरकवायची. १९५४ मध्ये अशा ४३५ गाड्या निघाल्या. दोन्हींची मॉडेलमधली अडचण एकच: दार गिळायला आत पोकळी हवी आणि जाड प्लॅस्टिकने ती आधीच खाल्लेली असते. कानशीने आतून कोरून जागा करण्यावाचून गत्यंतर नाही.

खरी मजा व्हॅनमध्ये आहे. फोक्सवॅगनच्या व्हॅनला १९६७ मधल्या दुसऱ्या पिढीपासून सरकतं दार सर्रास मिळू लागलं. आपल्याकडे १९८४ मध्ये मारुती व्हॅन आली, पुढे ओम्नी झाली आणि २०१९ पर्यंत बनत राहिली. शाळेची मुलं कोंबणारी आणि हिंदी सिनेमात माणसं पळवणारी. या दाराला एकावेळी दोन कामं असतात: आधी बॉडीबाहेर यायचं, मग मागे सरकायचं. त्यासाठी तीन रूळ असतात, वर एक, खाली एक आणि मागच्या बाजूला बाहेरून दिसणारा मधला एक. प्रत्येक रूळ पुढच्या टोकाला आतल्या बाजूस वळलेला असतो. बंद करताना दाराची चाकं त्या वळणांवर येतात आणि दार आत ओढलं जातं. तिन्ही वळणं एकसारखी असली, तर दार जराही न फिरता सरळ बाहेर पडतं. एखादं वळण वेगळं असलं, तर एक कड आधी बाहेर येते.

१:२४ मध्ये हे रूळ म्हणजे प्लॅस्टिकच्या दोन पट्ट्यांमधली अर्ध्या मिलिमीटरची खाच आणि चाक म्हणजे तारेचं टोक. इथे एक जुना शत्रू भेटतो. टेबलाचा रुंद खण एका कोपऱ्याने ओढला की तिरका होऊन अडकतो, तसंच हे दार अडकतं. घर्षण किती आहे आणि आपण रुळापासून किती लांब ओढतो, यावर ते ठरतं. जोराचा त्याच्याशी संबंध नाही, जोर दुप्पट केला की अडकणंही दुप्पट होतं. म्हणून दोन टेकूंमधलं अंतर जमेल तेवढं लांब ठेवायचं आणि खाचेत पेन्सिलीच्या शिशाची भुकटी सोडायची. तेल नको, ते रंगाखाली जातं आणि धूळ धरतं.

लहान वस्तूंचा काळ वेगळा

दार नीट उघडलं तरी एक गोष्ट खटकत राहते: ते खेळण्यासारखं पडतं. याचं कारण गुरुत्वाकर्षण आहे, ते लहान करता येत नाही. लांबी २४ पटीने घटली की वजन घटतं २४च्या घनाने, म्हणजे सुमारे १४ हजार पटीने. तीच सामग्री वापरली, तर २० किलोचं दार दीड ग्रॅमचं होतं. डीलोरियन गाडीची पंखदारं पेलण्यासाठी ग्रुमन या विमान कंपनीने अतिथंड अवस्थेत पिळलेले खास पोलादी दांडे बनवले होते. मॉडेलला एवढा खटाटोप नको, घट्ट बसलेल्या सुईचं घर्षणच दार वर धरून ठेवतं. पण पडण्याचा वेळ घटतो फक्त २४च्या वर्गमुळाने, म्हणजे जवळजवळ पाच पटीने. खरं दार एका सेकंदात पडत असेल, तर मॉडेलचं एक-पंचमांश सेकंदात पडेल. सिनेमात छोट्या प्रतिकृतींची दृश्यं जास्त वेगाने चित्रित करून हळू दाखवतात, ती याच वर्गमुळामुळे. मॉडेल करणारे बिजागरीत दाट ग्रीस भरतात. मग दार जड असल्यासारखं सावकाश मिटतं आणि डोळ्यांना गाडी मोठी वाटू लागते.

उघडावं की बंदच ठेवावं?

दार बंद ठेवलेल्या मॉडेलची बाह्यरेषा जास्त निर्दोष असते, असं मानणारे संग्राहक पुष्कळ आहेत आणि त्यांचं चूक नाही. अनेक महागडी रेझिन मॉडेलं म्हणूनच कायमची बंद असतात. दार उघडलं की आतलं सगळं दाखवावं लागतं: दारामागचं अस्तर, रबराची पट्टी, काच जाण्याची खाच. इसेटाचं पुढचं दार उघडायचं, तर स्टीअरिंगही दाराबरोबर फिरायला हवं, म्हणजे त्याच्या दांड्याला सांधा हवा.

तरीही उघडणाऱ्या दाराची बाजू मला भक्कम वाटते. बंद मॉडेल गाडी कशी दिसते ते सांगतं. दार उघडणारं मॉडेल ती तशी का झाली, ते सांगतं. उंच उंबरठा, बुटकं छत, अरुंद गल्ली, लुळा सांगाडा, या प्रत्येक अडचणीचं उत्तर म्हणून कुणीतरी एक रेषा हलवली होती. ती पुन्हा शोधायला लागलं की त्या माणसाचा विचार आपल्या हातात येतो.

हात घालून बघायचा असेल, तर महागडा किट लगेच फोडू नका. गाडीची बाजू पुठ्ठ्यावर काढा, दार कापा, टाचणी वेगवेगळ्या जागी टोचून फिरवून पाहा आणि दार कुठे अडतं ते टिपून ठेवा. आणि शाळेची व्हॅन दारात थांबली, की तिच्या मागच्या काचेखालचा रूळ आणि त्याचं पुढचं वळण एकदा नीट बघून घ्या.